आईचे कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चारचौघींत उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावी शाळाच तेवढी होती. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही आईंना अमेरिकेला कसे पाठवलेत, एवढेच सांगा. पुष्कळजणींना उपयोग होईल." म्हणून धीर केला. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

आपल्या खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते. झोके बांधले जातात, गौराई बसते, दोन दिवस सासरचे नाव निघत नाही. पहिले बाळंतपणही माहेरीच. लेक येते आणि आई उंबऱ्यात उभी असते, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. आता आपल्या मुली समुद्रापलीकडे गेल्या. लेकीला येता येत नाही, मग आईने जायचे. आणि आई निघाली की तिला पहिल्यांदा कोणी विचारतो, "बाई, तुम्ही कोण? तुमच्या नावाचा कागद दाखवा." माझी गोष्ट त्या कागदाची आहे.

माझे माहेर धुळ्याचे, सासर इथले जळगावचे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. ते वारले, आई एकटी धुळ्यात राहते. धाकटी बहीण माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिच्या वेळेपर्यंत बिऱ्हाड शहरात आले होते, म्हणून ती शिकली, इंजिनियर झाली, लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. २०२२ च्या दिवाळीत तिचा फोन आला. तिला दिवस गेले होते. जूनमध्ये बाळंतपण. ती म्हणाली, "ताई, आईला पाठव ना!" मी लगेच 'हो' म्हटले. मला वाटले, तिकीट काढायचे नि विमानात बसवायचे, एवढेच काम!

दुसऱ्या आठवड्यात मी धुळ्याला गेले आणि आईची पत्र्याची पेटी उघडली. आत काय निघाले? चौथीच्या शाळेचा दाखला. त्यावर नाव कमल, वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव. जन्मतारीख १ जून १९५२. ही तारीख गुरुजींनी घातलेली. शाळा जूनमध्ये उघडायच्या, म्हणून आपल्याकडे पुष्कळांचे वाढदिवस १ जूनला. आधारकार्डावर नाव सुशीला, वडिलांच्या जागी माझ्या वडिलांचे नाव, सासरचे आडनाव. जन्म १ जानेवारी १९५०. बँकेच्या पुस्तकात सुशिलाबाई. रेशनकार्डावर नुसती 'पत्नी' असल्यासारखी वडिलांच्या खाली. घराचा उतारा वडिलांच्या नावे, विजेचे बिल वडिलांच्या नावे. लग्नाचा दाखला नाही. त्या काळी लग्न नोंदवायला कोण जात होते?

एक बाई, तीन नावे, दोन जन्मतारखा. आणि इतकी वर्षे राबलेल्या त्या घरात तिच्या नावाचे म्हणावे असे काहीच नाही.

मी विचारले, "आई, कमल हे तुझे नाव आहे, हे आम्हाला कधी सांगितले नाहीस?" ती म्हणाली, "लग्नात ताटात तांदूळ पसरून तुझ्या बापानं अंगठीनं दुसरं नाव लिहिलं. मग पहिल्या नावानं हाक मारायला कोण राहिलं होतं?" तिचे आईवडील जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. मला कसेसेच झाले. पन्नास वर्षांनी ते नाव पहिल्यांदा कोणी उच्चारले असेल तर मी, आणि तेही कागदाच्या गरजेपोटी.

भगिनींनो, इथे मला एक थोर बाई आठवतात. आनंदीबाई जोशी आपणा सर्वांना माहीत आहेत. १८८३ साली अठराव्या वर्षी कलकत्त्याहून बोटीने त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्यांचेही माहेरचे नाव निराळे, यमुना. त्या काळी आजच्यासारखा व्हिसा नव्हता. असता, तर त्यांनाही 'आणखी कोणत्या नावाने ओळखले जाता' या रकान्यात 'यमुना' लिहावे लागले असते.

आता आमचे काम कसे झाले ते क्रमाने सांगते.

पहिल्यांदा नाव. पासपोर्टासाठी नेलेले कागद एकमेकांशी जुळेनात म्हणून परत आले. चूक आमचीच होती. मग प्रतिज्ञापत्र केले, कमल आणि सुशीला या एकच, असे राजपत्रात छापून घेतले. त्यावरून आधार सुधारले. आधारवर नाव दोनदा बदलता येते, जन्मतारीख मात्र एकदाच. म्हणून घाईने भलती तारीख घालू नये. यात दिवाळी गेली, संक्रांत गेली. जळगावहून एरंडोल, पारोळा करीत मी किती वेळा धुळ्याला गेले त्याची गणती नाही. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त आपल्याला अर्धे तिकीट झाले, पण तोपर्यंत माझ्या निम्म्याहून अधिक खेपा होऊन गेल्या होत्या!

मग पासपोर्ट. छत्तीस पानी, दहा वर्षांचा, त्याची फी १५०० रुपये. साठीच्या पुढच्यांना त्यात दहा टक्के सूट आहे. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले. शेजारच्या दोघांनी सही दिली. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर एक शेरा येतो, त्याची पुष्कळजणींना भीती वाटते. पन्नाशी ओलांडलेल्यांना तो लागत नाही. आणि ज्यांना लागतो त्यांच्यापुरताही तो नोकरीसाठी काही ठरावीक देशांत जाताना आड येतो. लेकीला भेटायला जाणारीने त्याला भिऊ नये.

पासपोर्ट हाती आला तेव्हा मार्चअखेर झाली होती. बहिणीला सातवा महिना.

आता व्हिसा. त्याचा अर्ज संगणकावर, इंग्रजीत भरायचा. माझा मुलगा तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. तो भरी, मी कागद वाचून दाखवी, आई उत्तरे सांगे. मध्येच थोडा वेळ हात थांबला तर पान बंद पडते, म्हणून जागोजागी साठवून ठेवावे लागते आणि अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा लागतो. अर्ज भरायला कोणी मदत केली, हेही विचारतात. तिथे मुलाचे नाव दिले. पण शेवटची सही, म्हणजे ते शेवटचे बटण, अर्ज करणारानेच दाबायचे असते. मुलाने आईचे बोट धरून ते बटणावर नेले. आई म्हणाली, "सोड, मी दाबते." आणि तिने दाबले.

फी तेव्हा १६० डॉलर होती. १७ जून २०२३ पासून ती १८५ डॉलर झाली. फी भरली आणि मुलाखतीची तारीख पाहू लागलो. भगिनींनो, तारीख मिळाली ती २०२४ च्या जुलैची! करोनाच्या काळात ही कामे बंद राहिली होती, त्याची गर्दी साचली होती. २०२२ च्या अखेरीस तर पहिल्यांदा जाणाऱ्यांना मुंबईत दोन वर्षांहून अधिक थांबावे लागत होते. बाळ जूनमध्ये, आणि आजीची मुलाखत त्याच्या पुढच्या वर्षी.

बहिणीने तातडीच्या तारखेची चौकशी केली. तशी सोय आहे. जवळचे कोणी अत्यवस्थ असेल, कोणी वारले असेल, तर अर्ज करता येतो. पण कोणती कारणे चालत नाहीत, तेही तिथे लिहिलेले आहे. लग्न चालत नाही, पदवीदान चालत नाही, आणि गरोदर नातेवाइकाच्या मदतीला जाणे हेही चालत नाही. ते वाचून बहीण फोनवर गप्प झाली. मीही गप्प. हजारो आया येतात, सगळ्यांनाच अगोदरची तारीख कशी देणार, हे मला कळते. पण आपल्याकडे ज्या कामासाठी आई सगळे सोडून धावते, ते काम तिथे तातडीचे ठरत नाही, हे मनाला लागले.

बाळ जूनमध्ये झाले. मुलगी. जावयाला आठ दिवसांनी कामावर जावे लागले. बहीण एकटी. धुळ्यात आई रात्री फोनपुढे बसून शेक कसा द्यायचा, बाळाला पायावर कसे घ्यायचे, ते हातवारे करून दाखवी. तिने मे महिन्यातच डिंकाचे लाडू करून डबा भरून ठेवला होता, काही झाले तरी जायला मिळेल या आशेवर. तो डबा श्रावणापर्यंत तसाच फडताळात होता. शेवटी गल्लीतल्या एका बाळंतिणीला देऊन टाकला. मला माझी दोन्ही बाळंतपणे आठवली. आईच्या हातचे तेल, तिची आच, तिचा ओरडा. माझ्या धाकट्या बहिणीला त्यातले काही मिळाले नाही. दोष कोणाचा म्हणू? वडील वारले तेव्हाच, सहा वर्षांपूर्वी, आईची नावे मी एकसारखी करून घेतली असती, पासपोर्ट काढून ठेवला असता, तर अर्ज दिवाळीतच गेला असता. तारीख तरीही उशिराचीच मिळाली असती कदाचित. पण मी माझ्यापरीने प्रयत्न केला, असे म्हणता आले असते. आज तसे म्हणता येत नाही. बाळ कागदासाठी थांबत नाही, भगिनींनो.

मधल्या वर्षात एक एजंट भेटला. म्हणाला, "आजींच्या खात्यात चार-पाच लाख फिरवून दाखवू. नातीचे नावच काढू नका. फिरायला चाललोय म्हणा. आणि ते जुने नावबिव कशाला लिहिता? उगीच प्रश्न वाढतात." खरे सांगते, माझे मन डळमळले. एवढे थांबलो, आता नकार आला तर? मी आईला हे सांगितले. आईने ऐकून घेतले नि म्हणाली, "लेकीकडे जायला खोटं कसाले बोलू? मी काय चोरी कराले जाऊ राहिनी का?"

पुढे मुलाने नियम वाचून दाखवले. खोटे सांगून किंवा खोटे कागद दाखवून व्हिसा मागितल्याचे ठरले, तर त्या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते. नकार आला तर पुन्हा अर्ज करता येतो. खोटेपणा मात्र पुसता येत नाही. एजंटाला नमस्कार केला. 'आणखी कोणते नाव' या रकान्यात आम्ही 'कमल' लिहिले होते, ते तसेच ठेवले.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. तिथला कायदा अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला 'हा इथेच राहायला येतो आहे' असे धरून चालतो. आपण परत येणार, हे आपणच पटवायचे. म्हणून घर, पेन्शन, माणसे यांची विचारपूस होते. लेकीचे बोलावण्याचे पत्र लागतेच असे नाही. विचार होतो तो जाणाराच्या स्वतःच्या परिस्थितीचा. त्या निमित्ताने आम्ही घराच्या उताऱ्यावर वारस म्हणून आईचे नाव लावले. वडिलांच्या मागे मिळणाऱ्या पेन्शनचे कागद नीट लावले. खात्यात जेवढे होते तेवढेच ठेवले.

जुलै २०२४ मध्ये आम्ही जळगावहून रात्रीच्या अमरावती एक्सप्रेसने निघालो, पहाटे दादरला उतरलो. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो. फोटोला चष्मा काढावा लागतो. दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत. आत मोबाईल नेता येत नाही, मोठी पिशवी नेता येत नाही. मी मागच्या पंधरा दिवसांत आईकडून उत्तरे पाठ करून घेतली होती, परवच्यासारखी. रांगेत उभी करताना पुन्हा एकदा विचारले, "किती दिवस राहणार?" ती म्हणाली, "तू जा आता. पोहे खा."

मी बाहेर रस्त्याच्या कडेला दीड तास उभी होते. इतक्या बायका, इतके म्हातारे, नवी लुगडी, नवे सदरे, हातात प्लॅस्टिकच्या फाइली. कोणी हसत बाहेर येई, कोणी डोळे पुसत. कोणाचे काय झाले ते विचारायची कोणाची छाती होत नव्हती.

आई बाहेर आली ती तशीच शांत. मग झाडाखाली बसून सांगू लागली. मराठीतून बोलता येते, तशी सोय आहे. कोणाकडे जाणार, किती दिवस, मालक काय करीत होते, असे विचारले. आईने सगळे खरे सांगितले. नात झाली, वर्ष उलटले, हातात घेतली नाही, हेही सांगितले. मग विचारले, "लेक तिकडे आहे, नात तिकडे आहे. मग परत का याल?"

या प्रश्नाचे उत्तर मी घर, पेन्शन, उतारा असे सगळे ओळीने पाठ करून दिले होते. आई ते सगळे विसरली आणि आपल्या अहिराणीत बोलून गेली, "आखाजीले मनी मोठी लेक माहेरले येस. मी घर बंद कसं ठेवू?"

समोरच्या बाई हसल्या म्हणे. त्यांना त्यातले किती कळले कोण जाणे. पासपोर्ट ठेवून घेतला आणि मान हलवली. दोन-तीन मिनिटांचे काम. मला मात्र तिथे झाडाखाली रडू आवरेना. एवढी वर्षे मी म्हणत होते, आईला काय, धाकटीचाच ओढा. आणि परत येण्याचे कारण म्हणून तिने माझे नाव सांगितले.

आई दिवाळी करून, बँकेत हयातीचा दाखला देऊन, नोव्हेंबरात गेली. हे पेन्शनवाल्या सर्व भगिनींनी लक्षात ठेवावे. तो दाखला नोव्हेंबरात द्यावाच लागतो. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला. पण दहा वर्षे राहता येते असे नव्हे. किती दिवस राहायचे ते तिथे उतरल्यावर अधिकारी ठरवतात; बहुधा सहा महिने देतात. ती तारीख पाहून ठेवावी आणि तिच्या आत परत यावे. तिथे मजुरीचे कोणतेही काम करता येत नाही. बी-बियाणे, ताजी फळे-भाज्या नेऊ नयेत. खाण्याचे जे नेऊ ते विचारल्यावर सांगावे, लपवू नये. रोजची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह जवळच्या पिशवीत ठेवावीत आणि आजारपणाचा विमा काढावा. तिकडचे औषधपाणी फार महाग. नियम वरचेवर बदलतात. पूर्वी ७९ वर्षांवरील वृद्धांना सहसा मुलाखतीला जावे लागत नसे, सप्टेंबर २०२५ पासून त्यांनाही सामान्यतः जावे लागते. म्हणून माझे ऐकून थांबू नका, त्या वेळचा नियम पाहून घ्या.

आई पाच महिने राहिली. डिंकाचे लाडू या वेळी पोचले. नात पहिले तीन दिवस जवळ येईना. चौथ्या दिवशी पायावर झोपली. आई म्हणते, "आंघोळ घालायची राहिली ती राहिलीच. पण मांडी ओळखते आता." जे गेले ते परत मिळत नाही, भगिनींनो. जे उरले ते मिळाले.

आता माझे मागणे. घरी गेल्यावर आपापली पेटी उघडा. शाळेचा दाखला, आधार, बँक, रेशनकार्ड एका रांगेत मांडा आणि आपले नाव सगळीकडे एकच आहे का ते पाहा. मी पाहिले तर माझेही दोन ठिकाणी निराळे निघाले. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचेही नाव लावायचे ठरले आहे. मुलांच्या नावात आपले नाव जायचे, तर ते आधी आपल्या स्वतःच्या कागदावर धड हवे. ज्यांच्या सासूबाई, आई एकट्या आहेत, त्यांचे वारसाचे काम आजच करून घ्या. पासपोर्ट जायच्या वेळी काढू नका, सवडीने काढून ठेवा. आणि कोणी खोटे सांगायला शिकवले तर ऐकू नका.

३० एप्रिल २०२५ ला आखाजी होती. मी दुपारच्या एस.टी.ने धुळ्याला गेले. आई पंधरा दिवसांपूर्वीच परतली होती. दाराशी पोचले तर ती उंबऱ्यात उभी. मी हसून हाक मारली, "कमलबाई!" ती लाजली नि म्हणाली, "चल, पाय धू."